मदत हवी आहे: ताउचोवर पांढरा थर आलाय, टाकून देऊ का?

सायली_बांडुंग: चियांजुरचा ताउचो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट इंडोनेशियन मसाला) घरी करतेय. सोयाबीन शिजवून, सालं काढून, बुरशी आणून, वाळवून मिठाच्या पाण्यात घातलं. आता वर पांढरा थर आहे, वास आंबूस. टाकू का ठेवू? प्लीज लवकर सांगा.

पाटावरवंटा: मीठ किती? बुरशी कोणती, टेम्पेची रागी (आंबवलेल्या सोयाबीनची वडी, टेम्पे, करायचं बुरशीचं विरजण; नाचणी नव्हे) की कोजी (जपानी पद्धतीचं बुरशीचं विरजण)? फोटो टाका.

सायली_बांडुंग: मीठ अंदाजानेच. रागी टेम्पेची, इथल्या बाजारातली.

माईंची_बरणी: अगं, वरून तेल ओत. आमच्या लोणच्याला कधी काही होत नाही.

पाटावरवंटा: माई, लोणच्यात आंबटपणा असतो म्हणून ते टिकतं. इथे सगळी भिस्त मिठावर. लिटरभर पाण्याला 200 ते 250 ग्रॅम लागतं, आणि वाळलेला दाणा ते पाणी शोषून घेतो. सायली, थर सपाट, सुरकुतलेला आहे का? मग तो यीस्टचा. काढून टाक, दाणे बुडालेले ठेव, दिवसा उन्हात ठेव.

नारळीपाक: जावातल्या पेकालोंगानला गेलात तर सोतो ताउतो हे सूप खाच! रश्श्यात हाच ताउचो घालतात. तिखट, दाट, वर भाताची वडी.

विदर्भाचा_सोया: सोयाबीनचा उग्र वास घालवायचा तर भिजवताना दोनदा पाणी बदला.

पाटावरवंटा: तो प्रश्नच नाहीये हो. सायली, वाळवण्याआधी दाणे कसे दिसत होते?

सायली_बांडुंग: पांढरे, मधे मधे हिरवे ठिपके. पावसामुळे नीट वाळलेही नाहीत.

कोजीप्रेमी: हिरवा रंग चालतो. ताउचोत अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही कोजीची बुरशी असते, ती पिकली की हिरवट-पिवळीच दिसते. मी तर कोजीच वापरतो.

पाटावरवंटा: तुमच्या कोजीत चालेल. हिने टेम्पेची रागी घातलीय, ती पांढरी असते आणि जुनी झाली की राखाडी-काळी होते. म्हणजे हिरवं बाहेरून आलंय. ओरायझीची विषारी बहीण अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही, आणि तिचं विष, अफलाटॉक्सिन, उकळूनही जात नाही. त्यात मीठही मोजलेलं नाही. सायली, फेक.

कोजीप्रेमी: प्रत्येक हिरव्या ठिपक्याला विष म्हणू नका. पण रागीबरोबर हिरवं आलं असेल तर मीही खाणार नाही.

माईंची_बरणी: एवढे कष्ट वाया गेले गं. पुढच्या वेळी उन्हाळ्यात कर.

सायली_बांडुंग: फेकते. इथे कोरडे महिने येईपर्यंत थांबवत नाहीये, ओव्हनच्या मंद आचेवर वाळवलं तर चालेल का? आणि बुरशी लावण्याआधी दाण्यांना भाजलेलं पीठ चोळतात ना, गव्हाचं की तांदळाचं? मी काहीच चोळलं नव्हतं.

पाटावरवंटा: दोन्ही चालतात. दाणा वरून कोरडा व्हायला हवा, तेवढंच बघ. ओव्हनचं कोजीप्रेमी सांगतील.

विदर्भाचा_सोया: शेवटी शिजवताना गूळ कोणता घालता, ताडाचा का?