अमेरिकेत माणूस पहिल्यांदा कधी पोचला? क्लोविसचं आता सोडा

रानवाटा: कितीतरी वर्षं आपण हेच वाचत आलो की हिमयुगात समुद्र खाली गेला, सायबेरिया आणि अलास्का जमिनीने जोडले गेले, शिकारी चालत आले आणि 13 हजार वर्षांपूर्वीचे क्लोविस भाल्याची टोकं बनवणारे लोक हेच पहिले. पण न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला सुकलेल्या तळ्याच्या चिखलात माणसांच्या पावलांचे ठसे सापडलेत, त्यात पोरासोरांचेच जास्त, आणि 2021 ला त्यांचं वय आलं 21 ते 23 हजार वर्षं! आता वाद कसला?

खडूफळा: वाद आहे ना. ते वय रुपिया नावाच्या पाणवनस्पतीच्या बियांवरून काढलं. ती कार्बन पाण्यातून घेते, आणि पाण्यात खडकातला जुना कार्बन विरघळलेला असला की बी आहे त्याहून खूप म्हातारं दिसतं. आणि माणसं होती तर हत्यारं कुठायत? दगडाचा एक टवका तरी दाखवा.

रानवाटा: बियांचा आक्षेप रास्तच होता, म्हणून तर 2023 ला त्याच थरांतले सूचिपर्णी झाडांचे परागकण वेचले, एकेका नमुन्याला साधारण 75 हजार कण, ही झाडं कार्बन हवेतून घेतात त्यामुळे ती भानगडच नाही. शिवाय क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला तेही मोजलं. उत्तर तेच आलं. आणि चिखल तुडवत जाणारं पोर हत्यारं टाकत जाईल का हो?

दर्यावर्दी: अहो रस्त्याचं कोणीच बोलत नाहीये. अलास्कातून दक्षिणेला चालत यायची कॅनडातल्या दोन हिमचादरींमधली वाट मोकळी झाली जेमतेम 14 हजार वर्षांपूर्वी, आणि ओरेगनच्या पेस्ली गुहांतली माणसाची वाळलेली विष्ठा 14 हजारांच्याही आधीची. म्हणजे ते किनाऱ्याकिनाऱ्यानेच आले असणार, समुद्री शेवाळ, मासे, सील खात. तो किनारा आता पाण्याखाली आहे, पुरावाही तिथेच बुडालाय.

खडूफळा: किनाऱ्याचं मला पटतं, क्लोविस पहिले नव्हते हेही मान्य. पण आजच्या मूळ रहिवाशांच्या जनुकांवरून दक्षिणेकडचा फैलाव 16 हजार वर्षांच्या आसपासचाच निघतो. मग 23 हजारवाले गेले कुठे?

रानवाटा: संपले असतील, छोट्या टोळ्या संपतात. वंश उरला नाही म्हणून ते आलेच नव्हते असं कसं म्हणायचं? त्याच मैदानात आणखी एक माग आहे, तो 23 हजारांचा नाही पण 10 हजारांहून जुना आहे. कोणीतरी मूल कडेवर घेऊन निसरड्या चिखलातून झपाझप गेलंय, मध्येमध्ये चिमुकली पावलं, म्हणजे पोराला जरा खाली ठेवलेलं. परतीच्या ठशांत मूल नाही. आणि तेवढ्या वेळात त्याच वाटेवरून एक मॅमथ जाऊन गेलाय.