अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीमुळे झालं की टॅरिफमुळे?

प्रश्न: कोणी म्हणतं गुलामगिरी, कोणी म्हणतं उत्तरेतले कारखाने विरुद्ध दक्षिणेतली शेती, टॅरिफ (आयात मालावरचा कर) वगैरे. नक्की काय?

प्रतिसाद १: दोन्ही वेगळं काढताच येत नाही हो. आधी हाताने सरकी काढायला एक माणूस दिवसभर बसला तरी जेमतेम अर्धा किलो रुई निघायची, १७९३ मध्ये जिन मशीन आलं आणि कापसात प्रचंड पैसा दिसायला लागला, मग जमीन हवी, वेचायला हात हवेत, आणि ते हात म्हणजे विकत घेतलेली माणसं. १८६० पर्यंत जवळपास ४० लाख माणसं गुलाम! आईपासून पोरं तोडून विकायचे, हे वाचताना अजून पोटात तुटतं. दक्षिणेची निम्मी दौलत माणसांच्या किमतीत अडकलेली, ती कोण सोडणार?

प्रतिसाद २: टॅरिफचं म्हणाल तर १८५७ ला ते उलट कमी झालं होतं. खरं भांडण पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी चालणार का यावर, कॅन्ससमध्ये त्यावरून आधीच मुडदे पडले होते.

प्रतिसाद ३: दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याने देशातून फुटताना काढलेला जाहीरनामाच बघा ना, सुरुवातीलाच गुलामगिरीचं नाव आहे. गुलामगिरी पसरवायला विरोध करणारे लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर महिना-दीड महिन्यात साउथ कॅरोलिना राज्य देशातून बाहेर पडलं, आणि १२ एप्रिल १८६१ ला फोर्ट सम्टर या केंद्र सरकारच्या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा, तिथून युद्ध सुरू.

मूळ प्रश्नकर्ता: धन्यवाद, जिन मशीनचं खरंच माहीत नव्हतं.