दिवाळीच्या पहाटेचे फोव: रोस फुटतो, फोवांचा गोळा होतो. काय चुकतंय?

मडगावची सून

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडे वीसेक माणसं फोव, म्हणजे पोहे, खायला येणार आहेत. घरची पद्धत पाच प्रकारांची: रोसातले (नारळाच्या दुधातले), दुधातले, ताकातले, गोडाचे आणि फोडणीचे. जोडीला काळ्या वाटाण्यांची उसळ. माझं माहेर देशावरचं. तिकडे पोहे म्हणजे कांदेपोहे, त्यामुळे बाकीच्या चारांवर अजून हात बसलेला नाही.

गेल्या वेळी या गोष्टी फसल्या:

नारळाचा रोस रात्रीच काढून फ्रिजमध्ये ठेवला होता. सकाळी त्यावर पांढरे खडे आले, म्हणून गॅसवर गरम केला, तर पाणी वेगळं आणि चोथा वेगळा झाला. दुधात गूळ घातल्यावर दूध नासलं. रोसातले फोव पानात वाढेपर्यंत लापशीसारखे झाले. आणि वाटाणे सहा शिट्ट्या होऊनही दाताखाली कडकड वाजत होते.

नेमकं कुठे चुकतंय? आदल्या रात्री काय करून ठेवता येईल?

आदोळी

तुमचा रोस फ्रिजमध्ये बिघडला नव्हता, तो गॅसवर बिघडला. खोबऱ्याची चरबी साधारण २४ अंशांच्या खाली गोठते, म्हणून थंड रोसावर पांढरे दाणे किंवा थर दिसतो. तासभर बाहेर ठेवून पळीने ढवळला असता तर बहुतेक पुन्हा एकजीव झाला असता. तापवल्यावर मात्र रोसातली प्रथिनं आकसतात, चरबी सुटते आणि पाणी खाली राहतं. एकदा असं झालं की कितीही ढवळा, तो परत जुळत नाही.

रोसातल्या फोवांचा रोस मुळात शिजवायचाच नसतो. कच्च्या रोसात गूळ विरघळवायचा, चिमूटभर मीठ आणि वेलची घालायची, संपलं.

रोस काढायची रीत अशी. मध्यम नारळाची सोय, म्हणजे खवलेलं खोबरं, अडीचशे ते तीनशे ग्रॅम निघते. खवताना करवंटीपर्यंत खरवडू नका. तपकिरी पापुद्रा आला की रोस मळकट दिसतो. एका नारळाच्या सोयीला पाऊण वाटी कोमट पाणी, हाताला सोसेल इतपत गरम. थंड पाण्यात चरबी नीट सुटत नाही आणि रोस पाणचट निघतो. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, वीस-वीस सेकंद तीन वेळा. सलग दोन मिनिटं फिरवलात तर भांडं तापतं, खोबऱ्याला तेल सुटतं आणि रोसावर तेलाचे ठिपके तरंगतात. सुती कापडातून पिळा. पहिला दाट रोस, म्हणजे आपरोस, वाटीभर निघतो. त्याच चोथ्यात पुन्हा पाऊण वाटी पाणी घालून दुसरा रोस काढा. तिसरा काढू नका, त्याला चव नसते, आणि लापशी होण्यामागे हे जास्तीचं पाणीही असतं.

गूळ रोसात तसाच टाकला तर तळाशी खडे राहतात. गूळ किसून त्याच्या निम्म्या पाण्यात कोमट करून विरघळवा, गाळा आणि पूर्ण गार झाल्यावरच रोसात घाला. गरम पाक ओतलात की गॅसवर ठेवल्यासारखंच.

काही घरांत रोस थोडा गरम करायची पद्धत असते. तसं करायचं असेल तर फक्त दुसरा रोस घ्या, त्यात अर्धा लिटरला एक चहाचा चमचा तांदळाचं पीठ कालवून सतत ढवळत उकळी आणा. पीठ त्याला धरून ठेवतं. गॅस बंद करा, कोमट झालं की आपरोस मिसळा. आपरोसाला उकळी दाखवायचीच नाही.

दुधाचंही तेच. गूळ किंचित आंबट असतो आणि त्यात क्षारही असतात, त्यामुळे तापलेल्या दुधात पडला की दूध फाटतं. दुधातल्या फोवांना साखर घाला. गूळच हवा असेल तर दूध पार गार करून वाढताना वरून किसून घाला. आमच्या मते तरी दुधाला साखर आणि रोसाला गूळ, ही वाटणी उगीच पडलेली नाही.

खाजनकाठ

फोवांच्या लगद्याबद्दल. दुकानात दोन-तीन जाती मिळतात आणि सगळ्या एकाच नावाने. चिमूट उजेडाकडे धरा. पलीकडचं अंधुक दिसलं की पातळ फोव. ते फक्त गोडाच्या फोवांना. रोसाला, दुधाला, ताकाला जाडे घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी फोव मिळाले तर उत्तम. ते लालसर, जाड आणि वेगवेगळ्या आकाराचे असतात, त्यात तूस आणि खडा निघतो. सुपात पाखडून, मग चाळून घ्या.

गावठी फोवांवर कोंडा असतो आणि कोंड्यात तेल. दोन महिन्यांपूर्वीचे असले तर जुन्या तेलाचा वास मारतात आणि तो रोसात लपत नाही. विकत घेताना मूठभर हातात चोळून वास घ्या. दिवाळीपुरतेच घ्या, साठवू नका. ऑक्टोबरच्या दमट हवेत ते मऊही पडतात. मऊ पडले असतील तर कोरड्या कढईत मंद आचेवर दोन मिनिटं परता, लाल होऊ देऊ नका.

भिजवण्याचा अंदाज: बाजारातले जाडे फोव दोन पाण्यांतून काढून चाळणीत दहा मिनिटं निथळत ठेवा. बस्स, भांड्यात पाणी घालून भिजत ठेवायचे नाहीत. गावठी फोव मात्र बुडतील एवढ्या पाण्यात दहा ते पंधरा मिनिटं. एक दाणा बोटांत दाबा. आत कण लागला की अजून दोन मिनिटं, सपाट झाला की लगेच उपसा.

आणि मुख्य म्हणजे रोस आणि फोव वाढण्याआधी पाच मिनिटांच्या वर एकत्र ठेवू नका. फोव पीत राहतात. मोठ्या पातेल्यात सगळं एकदम कालवून ठेवलं की शेवटच्या पंगतीला लापशीच मिळणार. ओले फोव एका पातेल्यात, रोस दुसऱ्यात, पानागणिक डाव घाला.

सत्तरीवाली

वाटाण्यांचं सांगते. सहा शिट्ट्यांत न शिजण्याची कारणं तीनच: वाटाणे जुने, पाणी जड, किंवा आंबट आधी पडलं.

जुना वाटाणा भिजल्यावर ओळखू येतो. बारा तासांनी दाणा दुप्पट व्हायला हवा आणि साल ताणलेली दिसायला हवी. सुरकुत्या राहिलेले दाणे वेगळे काढा, ते शिजणार नाहीत. काळे वाटाणे पांढऱ्यांपेक्षा चिवट असतात, सहा तासांचं भिजणं त्यांना पुरत नाही. आदल्या दिवशी सकाळी सातला भिजत घाला, संध्याकाळी शिजवा.

विहिरीचं पाणी जड असेल तर ३०० ग्रॅम वाटाण्यांना दोन चिमटी सोडा. त्याहून जास्त नको, साबणासारखी चव येते आणि साल सुटून उसळीचं पिठलं होतं. मीठ शिजताना घातलं तरी बिघडत नाही, पण सोलां (आमसुलं) किंवा चिंच कुकरमध्ये घालू नका. आंबटात साल घट्ट होते आणि मग दहा शिट्ट्या करा, उपयोग नाही. वाटाण्यांच्या वर दोन बोटं पाणी, मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग आच बारीक करून पंधरा मिनिटं. वाफ आपोआप उतरू द्या. दाणा अख्खा दिसावा आणि जिभेने टाळूवर दाबला तर फुटावा.

वाटण: एका नारळाची सोय, आठ ब्याडगी मिरच्या, दोन चमचे धणे, आठ मिरे, चार लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, अर्धा चमचा हळद. सोय जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा. कडेला आधी तांबूस होते, ती सतत मध्ये ओढत राहा. बारा मिनिटं तरी लागतात. घाई केली की वरून काळी, आतून ओली, आणि सगळी उसळ कडवट. कडूसाठी त्या पहाटे अंगणात पायाखाली फोडलेलं कारीट आहेच, उसळीत नको! मसाले वेगळे भाजा, मिरच्या शेवटी. बारीक, गंधासारखं वाटा. वाटाण्यांत वाटण आणि मीठ घालून सात-आठ मिनिटं उकळा, मग चार सोलां आणि सुपारीएवढा गूळ.

बऱ्याच घरांत त्या सकाळी कांदा-लसूण नसतो, फोडणीच्या फोवांतही. सासूबाईंना एकदा विचारून घ्या.

मडगावची सून

धन्यवाद! आता खड्यांचं कळलं. गूळ कोणता घ्यावा, उसाचा की माडाचा? वीस माणसांना नारळ आणि फोव किती लागतील? आणि रोस पहाटेच काढायचा म्हटलं तर तीनला उठून नारळ खवत बसायचं का?

आदोळी

नारळ रात्रीच खवा, रोस काढू नका. सोय हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा, खालच्या कप्प्यात नव्हे. पहाटे गरम पाणी ओतलं की दहा मिनिटांत सुटते. काढलेला रोस खोलीच्या उष्णतेत दोन-तीन तासांत आंबूस वास मारायला लागतो, म्हणून तो शेवटी.

माणशी ७५ ग्रॅम कोरडे फोव धरा, म्हणजे दीड किलो. त्यात फोडणीचे ५०० ग्रॅम, रोसातले ३५०, ताकातले २५०, दुधातले २००, गोडाचे २००. रोसाला तीन नारळ, म्हणजे दाट-पातळ मिळून साधारण सव्वा लिटर, आणि गूळ ३०० ग्रॅम. गोडाच्या फोवांना एक नारळ, उसळीला एक, फोडणीच्या फोवांवर भुरभुरायला अर्धा. सात आणा, एखादा आतून कुजका निघतोच. दूध एक लिटर, साखर १०० ग्रॅम, दही पाऊण लिटर.

माडाचं गोड, म्हणजे माडाचा गूळ, रोसात घातलं की रंग चहासारखा होतो आणि मागे किंचित खारट चव राहते. ती ज्यांना आवडते त्यांना उसाच्या गुळाचे फोव फिके लागतात. त्यात बारीक कचरा असतो, तेव्हा गाळण्याने नव्हे, कापडाने गाळा. आणि वेगळं मीठ घालू नका. पाहुण्यांत लहान मुलं जास्त असतील तर निम्मा-निम्मा करा.

गोडाच्या फोवांचं कोणी सांगितलं नाही. पातळ फोव धुवायचे नाहीत. २०० ग्रॅमना एका नारळाची सोय आणि १५० ग्रॅम किसलेला गूळ. आधी गूळ आणि सोय हाताने चुरून ओलं चून करा, मग त्यात फोव मिसळून वीस मिनिटं झाकून ठेवा. खोबऱ्या-गुळाचा ओलावा पुरतो. कोरडे वाटले तर दोन चमचे दूध शिंपडा. पाणी नको, पाण्याने गोळा होतो.

ताकपुराण

ताकातले फोव सगळ्यात सोपे म्हणून सगळ्यात दुर्लक्षित, आणि पहाटे आंबट ढोण होतात. या दिवसांत दही भराभर लागतं. पाऊण लिटर कोमट दुधाला एक चहाचा चमचा विरजण, संध्याकाळी सहाला लावा. झोपायच्या आधी भांडं हलकेच कलतं करून बघा, कडेपासून एकसंध सुटलं की फ्रिजमध्ये. रात्रभर बाहेर राहिलं तर सकाळी त्यात साखर घालून सारवासारव करावी लागते.

पहाटे दही नुसतं घुसळा, पाणी एक वाटीच. दोन हिरव्या मिरच्या आणि पेरभर आलं मिठाबरोबर खलबत्त्यात ठेचून दह्यात घाला. मिक्सरमध्ये वाटलेली मिरची दह्यात हिरवी पसरते आणि नुसती तिखट लागते, ठेचलेलीचा वास येतो. फोडणी खोबरेल तेलाची: मोहरी, हिंग, कढीलिंब. ती कोमट करून ओता. कडकडीत ओतली की दह्याचा वरचा थर फुटून दाणे धरतात. कोथिंबीर वाढताना.

पहाटेचा क्रम असा लावा: साडेतीनला सोय बाहेर, चारला रोस, सव्वाचारला फोव धुऊन चाळणीत, मग गोडाचे कालवून झाकायचे, ताक मुरवायचं, उसळ गरम करायला ठेवायची. फोडणीचे अगदी शेवटी, नरकासुराचा पुतळा जाळून मंडळी परतली की. ते गार झाले की वातड होतात.

उरलंसुरलं: रोसातले फोव दहाच्या पुढे ठेवू नका, फ्रिजमध्येही नाही. नुसते ओले फोव उरले तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच्या आंबोळीच्या वाटणात घाला, चार वाट्या तांदळाला एक वाटी.