आर्मस्ट्राँग: घात झाला की अट्टाहास नडला?

सातबारा
या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच ढकलसंदेश आला: 'एफएम रेडिओचा शोध लावणाऱ्या एडविन आर्मस्ट्राँगला आरसीए या बड्या अमेरिकी रेडिओ कंपनीने लुबाडलं, म्हणून त्याने तेराव्या मजल्यावरून उडी मारली.' खाली रडके चेहरे. उडी खरी आहे. ३१ जानेवारी १९५४ ची रात्र, न्यू यॉर्क, अंगात ओव्हरकोट, डोक्यावर हॅट, हातात हातमोजे. पण बाकीची गोष्ट इतकी सरळ नाही असं माझं मत आहे. शिव्या खायच्या तयारीने लिहितोय.

मुळात हा गडी गरीब बिचारा कधीच नव्हता. सुपररिजनरेशनचं, म्हणजे सिग्नल वाढवायच्या त्याच्या एका युक्तीचं, पेटंट त्याने आरसीएलाच विकलं, २ लाख डॉलर रोख आणि ६० हजार शेअर घेऊन. कंपनीचा सगळ्यात मोठा वैयक्तिक भागधारक तोच. पुढे कंपनीचे सर्वेसर्वा झालेले डेव्हिड सार्नॉफ त्याचे दोस्त आणि त्यांची सेक्रेटरी मॅरियन ही त्याची बायको.

आता कोर्टकचेरी. जुन्या रेडिओतल्या काचेच्या ट्यूबमधून (व्हॉल्व्हमधून) निघालेला सिग्नल पुन्हा तिच्याच तोंडी द्यायचा म्हणजे आवाज कैक पटींनी वाढतो, हे रिजनरेशन. ते आधी आर्मस्ट्राँगचं की ही ट्यूब काढणाऱ्या ली डी फॉरेस्टचं, हा वाद. १९२२ पर्यंत आर्मस्ट्राँग अपिलातही जिंकला होता. डी फॉरेस्टकडे दाव्याचा खर्च द्यायला दमडी नव्हती. त्या खर्चावर पाणी सोड आणि निकाल पक्का करून घे, असं सांगणारे होते. हा ऐकेना. अंतिम हुकूमनामा लटकला, समोरच्याला उसंत मिळाली, प्रकरण पेटंट ऑफिसच्या वाटेने फिरून आलं आणि १९३४ मध्ये सुप्रीम कोर्टात साहेब हरले. याला घात म्हणायचं?

आणि १९४० मध्ये आरसीएने एफएमसाठी १० लाख डॉलर एकरकमी देऊ केले, तेही नाकारले. पुढे १९४८ मध्ये एफएमच्या पेटंटांवरून त्याच कंपनीवर दावा.

जुना_सेट
सातबारा, तुम्ही सगळा उतारा वाचलात, जमीन काही बघितली नाहीत.

वीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत. कुठल्याही जुन्या ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण काढा. पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या डोक्याच्या तीन आयएफटी (छोटे ट्रान्सफॉर्मर), शेजारी लाल कॉइल आणि काटा फिरवला की फिरणारा गँग. गँगचा एक भाग स्टेशन पकडतो, दुसरा ऑसिलेटर, म्हणजे सेटच्या आतच तयार होणारी लहर, सरकवतो, दोघांतला फरक कायम ४५५ किलोहर्ट्झ. मग पुढचा सगळा सेट त्या एकाच आकड्यावर बांधायचा. हे सुपरहेटरोडाइन. पहिल्या महायुद्धात पॅरिसला लष्करी नोकरीवर असताना १९१८ मध्ये या माणसाने हे काढलं. आकाशवाणी ऐकत वाढलेल्या प्रत्येकाने त्याचं मीठ खाल्लंय.

डी फॉरेस्टने ट्यूब काढली हे कबूल. पण ती चालते कशी हे त्याला धड सांगता येत नव्हतं, ते आर्मस्ट्राँगने मोजून दाखवलं. १९३४ चा निकाल लागल्यावर हा रेडिओ इंजिनिअरांच्या अधिवेशनात गेला, संस्थेने पूर्वी दिलेलं पदक परत करायला. त्यांनी ते घेतलं नाही, उलट सभागृह उठून उभं राहिलं. आपल्याच धंद्यातली माणसं कोर्टाच्या निकालानंतर हरलेल्यासाठी उभी राहतात, याचा काही अर्थ लावाल की नाही?

मोडीवाचक
मीठ वगैरे ठीक, पण सुपरहेटच्या बाबतीत फ्रान्सच्या ल्युसियाँ लेव्हीचा अर्ज आधीचा होता आणि अमेरिकेतही आर्मस्ट्राँगचे बरेचसे दावे १९२८ मध्ये लेव्हीकडे गेले. म्हणजे 'या माणसाने काढलं' हे वाक्यही जपून.

जुना_सेट
@मोडीवाचक, मान्य. कागदावर लेव्ही पुढे. चालता सेट कोणी केला ते सांगा.

पोहे_विदाऊट_शेंगदाणे
हजेरी लावून जातो. धागा शंभरी गाठणार.

खरखर
१० लाखांचं अर्धंच सांगितलंत. बाकीच्या कंपन्या त्याला विक्रीवर २ टक्के रॉयल्टी देत होत्या. सगळ्यात मोठ्या कंपनीला एकरकमी सूट दिली तर या लहान लोकांना तोंड कसं दाखवायचं? तुम्ही याला अट्टाहास म्हणता, मी व्यवहार म्हणेन.

आणि एफएम म्हणजे नक्की काय केलं ते तरी बघा. घरात मिक्सर लागला की मध्यम लहरींवर घरघर, आभाळात वीज कडाडली की कानठळ्या. कारण हा उपद्रव लहरीच्या उंचीवर होतो आणि एएममध्ये, म्हणजे मध्यम लहरींच्या पद्धतीत, गाणंही त्या उंचीतच भरलेलं असतं. एफएममध्ये गाणं कंपनसंख्येत असतं, त्यामुळे वरची उंची छाटून टाकली तरी सुराला धक्का नाही. बेल या टेलिफोन कंपनीच्या बाजूच्या जॉन कार्सनने १९२२ मध्ये गणित मांडून दाखवलं होतं की अरुंद पट्ट्यात एफएमचा काही फायदा नाही. गणित बरोबर होतं. आर्मस्ट्राँगने पट्टा रुंद केला, इतकंच. ५ नोव्हेंबर १९३५ च्या प्रात्यक्षिकात न्यू यॉर्कजवळच्या याँकर्सच्या टोकाला माइकसमोर पेल्यात पाणी ओतलं आणि न्यू यॉर्कच्या सभागृहात ते पाण्यासारखं ऐकू आलं. त्या काळच्या रेडिओवर असल्या आवाजाची नुसती खरखर व्हायची.

तोवर आरसीएने एम्पायर स्टेट इमारतीवरची त्याची यंत्रं उचलायला लावली होती, टेलिव्हिजनसाठी जागा हवी म्हणून. १९४५ मध्ये सरकारने एफएमला ४२-५० मेगाहर्ट्झवरून उचलून वर ८८ च्या पुढे नेऊन ठेवलं. लोकांच्या घरातले लाखो सेट एका हुकुमात मुके झाले. मूळ पेटंटं १९५० च्या डिसेंबरात संपणार होती. जरा वजाबाकी करा.

मोडीवाचक
पट्टा बदलण्यावर थोडं. खालच्या पट्ट्यात वातावरणाच्या वरच्या थरावरून लहरी परततात आणि दूरचं स्टेशन जवळच्यावर चढतं, हे कारण दिलं होतं. त्याचा अंदाज फार फुगवलेला निघाला हे खरं, पण ८८-१०८ ला तो त्रास कमी होतो हेही खरं. आज आपलं एफएम तिथेच आहे. वेळ आणि फायदा कोणाचा झाला यावर बोला, पण निव्वळ कारस्थान म्हणू नका.

खरखर
फायदा कोणाचा झाला यावरच तर बोलतोय.

तिन्हीसांज
इतके प्रतिसाद झाले आणि मॅरियन फक्त 'सेक्रेटरी' आणि 'बायको' या दोन शब्दांपुरती आली. १९५३ च्या थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातला अमेरिकी सण) म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशावरून भांडण झालं. दाव्यांनी बाकीचं सगळं गिळलं होतं. त्याने शेकोटीची सळई तिच्या हातावर मारली. ती बहिणीकडे निघून गेली. दोन महिन्यांनी ही उडी. शेवटचं पत्र तिलाच आहे.

ढकलसंदेशात ही सळई नसते, कारण मग रडका चेहरा टाकताना बोट अडखळतं.

आणि सातबारा, तुमच्यासाठी: आरसीएशी १९५४ च्या डिसेंबरात तिनेच १० लाखांच्या वर तडजोड केली. उरलेले दावे सोडले नाहीत. शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा, १९६७ मध्ये जिंकला. तेरा वर्षं! दावे पोकळ असते तर एकामागून एक कंपन्या हरल्या कशा? म्हणजे तो बरोबर होता आणि घरात वाईट वागला, दोन्ही.

सातबारा
तिन्हीसांज, सळईची गोष्ट मला ठाऊक नव्हती. मोटोरोलाचीही नाही. एफएमचे दावे त्याचे होते आणि ते खरे होते, एवढं लिहून देतो. पण १९२२ च्या मुद्द्याला अजून कोणी हात लावलेला नाही. हातात निकाल असताना खर्चापायी अडून बसणं, हे आरसीएने नाही करायला लावलं.

जुना_सेट
त्याला हात लावतो. कॉलेजात असताना वडिलांनी पेटंटसाठी पैसे दिले नाहीत, म्हणून सर्किटचं चित्र काढून २५ सेंट देऊन नोटरीचा शिक्का मारून घेतला. तारीख ३१ जानेवारी १९१३. पुढची तारीख तुम्हीच वर लिहिलीय. एवढासा शिक्का जपून ठेवणारा माणूस, ज्याने आपला शोध लाटला असं त्याला वाटतं त्याला खर्च माफ करेल? चूक होती, मीही तेच म्हणेन. पण मला ती कळते.

सातबारा
म्हणजे हट्टच होता. चला, सहमत झालो.

जुना_सेट
अर्धे. मग या धाग्याचा खर्च कोण देणार?

सातबारा
खर्चावर पाणी सोडा साहेब, निकाल पक्का करून घ्या.