गोदाकाठी चालायला आणि सायकलला कुठला पट्टा बरा? (नाशिक)

टांगलेली_सायकल:
नमस्कार मंडळी. वय ४३, महात्मानगरला राहतो, काम घरूनच, म्हणजे बेडरूममधून हॉलमध्ये येणं एवढाच काय तो रोजचा प्रवास. गेल्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले गोळी नको अजून, पण चाला, आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन या. सात दिवस गोल्फ क्लबच्या ट्रॅकला गेलो. ट्रॅकला नावं ठेवत नाही, चांगलाच आहे, पण तेच झाड, तोच बाक, तेच काका खिशात भजन लावून चाललेले, तिसऱ्या फेरीला घाण्याच्या बैलासारखं वाटायला लागतं. आठव्या दिवशी अलार्म बंद केला आणि झोपलो.

तर म्हटलं नदीकाठ बघावा. इतकी वर्षं नाशकात राहून गोदावरी फक्त पुलावरून जाताना बघितलीय, खरं सांगतो. आईपण येते म्हणतेय, तिचं वय ६९, डावा गुडघा कुरकुरतो. एक गिअरची सायकलपण आहे, लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेली, सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात. चालायला कुठे, सायकलला कुठे, किती वाजता आणि कुठे अजिबात जायचं नाही ते सांगा प्लीज. पावसाळा संपत आलाय म्हणून आत्ताच विचारतोय, नाहीतर परत पुढच्या वर्षावर जाईल.

गोदाकाठचा:
महात्मानगर म्हणजे तुम्हाला आनंदवली सगळ्यात जवळ. नवश्या गणपतीपाशी गाडी लावा, दर्शन घ्या किंवा नका घेऊ, आणि तिथून नदीच्या कडेने चाला. (आनंदवली हे नाव राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून पडलंय, आईंना सांगा, चालताना विषय होईल.) सकाळी सहा ते साडेसात. त्यानंतर ऊन नाही पण गाड्या वाढतात आणि मजा जाते.

गोदापार्कबद्दल सगळे सांगतील म्हणून आधीच सांगतो, एकसलग ट्रॅक समजून जाऊ नका. तुकडे आहेत. काही तुकडे खरंच छान, झाडं, सावली, खाली पाणी, आणि काही ठिकाणी फरशी उखडलेली, कारण २०१६ आणि २०१९ च्या पुरात नदीने आपली जागा परत घेतली होती आणि गाळ भरून गेला होता. मी तर म्हणतो पहिले दोन-तीन दिवस घड्याळ, स्टेप काउंट काही न बघता नुसतं फिरून या, कुठला तुकडा आपल्या पायाला मानवतो ते बघा आणि मग तोच धरा. मी स्वतः एकच सव्वा किलोमीटरचा तुकडा चार वर्षं चालतोय, जाऊन येऊन अडीच. कंटाळा आला नाही कारण नदी रोज वेगळी असते, आज पाणी मातकट, परवा हिरवं, मध्येच कोणीतरी म्हैस धुतंय.

कडू_कारलं:
नदी कसली, पाणवेलींचं गालिचं आहे. आणि डास. संध्याकाळी गेलात तर चालण्याऐवजी टाळ्या वाजवत याल. काही ठिकाणी नाल्याचा वास असा येतो की दीर्घ श्वसन वगैरे विसरा. गोल्फ क्लबच बरा, कंटाळा आला तर उलट्या दिशेने फिरा.

गोदाकाठचा:
@कडू_कारलं वासाचं नाकारत नाही, नाला जिथे मिळतो तिथे येतोच. म्हणून तर सकाळ म्हणालो. पण उलट्या दिशेने फिरा हा सल्ला भारीये 😄

पंचवटीची_काकू:
आम्ही जन्मापासून काठावर. आमच्याकडे गोदावरी कोणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात, "जरा गंगेवर जाऊन येते". रामकुंडापासून गाडगे महाराज पुलाकडे जा, तसंच पुढे तपोवनापर्यंत, कपिला संगम बघा, दोनेक किलोमीटर होतं. पहाटे साडेपाचला या एकदा. देवळांच्या घंटा, कुठे काकडआरती, फुलवाल्या बायका झेंडूच्या टोपल्या सोडत असतात, चहाच्या टपरीवर बाहेरगावचे यात्रेकरू कुडकुडत उभे असतात. व्यायाम करतोय असं वाटतच नाही.

फक्त तीन गोष्टी. आईंना पाण्यालगतच्या पायऱ्यांवरून नेऊ नको, शेवाळ असतं, मी स्वतः बसलेय एकदा आपटून, महिनाभर उशीवर बसून जेवले. बुधवारी बाजार भरतो तेव्हा चालायला जागा नसते. आणि येत्या कुंभाची कामं जिथे चालू आहेत तिथे खडी आणि डंपर, ती बाजू सोडून दे.

पावसाळ्यात आमचं माप वेगळं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरात वाचतोच, पण खरं माप दुतोंड्या मारुती, म्हणजे नदीपात्रातली मारुतीची उंच मूर्ती. त्याच्या कमरेला पाणी लागलं की घाटावरचे दुकानदार सामान हलवायला घेतात. तेव्हा फिरायला नाही, लांबून बघायला यायचं.

दोन_चाकं:
सायकलवर मी बोलतो. आधी टॉवेल काढा.

दुसरं, इतके दिवस उभी असलेली सायकल थेट रस्त्यावर काढू नका. टायरच्या कडेला बारीक भेगा पडल्यात का बघा, चेन कोरडी पडून गंजली असेल, ब्रेकची केबल अडकत असेल, एकदा सर्व्हिसिंग करून घ्या. मग सीट. नव्वद टक्के लोक सीट खाली ठेवून चालवतात आणि मग म्हणतात सायकलने गुडघे दुखतात. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघा जरासा वाकलेला राहतो, तेवढंच पाहिजे.

रूट: जेहान सर्कलवरून गंगापूर रोडने सोमेश्वर, चार-पाच किलोमीटर. महादेवाचं देऊळ, नदी, बाजूला धबधबा. पहिले पंधरा दिवस इथूनच परत फिरा. धबधब्याच्या खडकांवर सेल्फीसाठी उतरू नका, बुळबुळीत असतात आणि तिथे लोक गेलेत, हे गमतीत घेऊ नका. दम वाढला की पुढे गंगापूर गाव, मग गिरणारे, जाऊन येऊन पंचवीस-तीस किलोमीटर होतील. गिरणाऱ्याकडे रस्ता मस्त, दोन्ही बाजूला द्राक्षं आणि टोमॅटो, पण सध्या टोमॅटोचा सीझन आहे, क्रेट भरलेल्या पिकअप मार्केट गाठायच्या घाईत असतात, त्या तुमच्यासाठी थांबणार नाहीत. मागचा लाल लाइट दिवसाही चालू ठेवा. त्र्यंबक रोडला इतक्यात जाऊ नका, आणि श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला तर अजिबातच नाही.

आणि लाजू नका. आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ ला रॅम केली, अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने, तेव्हापासून नाशकात चाळिशीचा माणूस चड्डी घालून सायकलवर दिसला तर कोणी वळून बघत नाही.

अळणी_मिसळ:
सोमेश्वरकडे जाताय म्हणजे मिसळ आलीच. पाच किलोमीटर सायकल, मग तर्री, दोन पाव, पापड, वर दही. माझं वजन सायकल सुरू केल्यापासून दोन किलो वाढलंय, अनुभवाचे बोल.

फिजिओ_मावशी:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, तपासल्याशिवाय नक्की असं काही सांगत नाही, पण सर्वसाधारण सांगते.

तुमच्यासाठी: आठवड्याला १५० मिनिटं मध्यम वेगाने, हे जागतिक आरोग्य संघटनेचंच माप आहे. मध्यम म्हणजे शेजारच्याशी बोलता येतंय पण गाणं म्हणायला गेलात तर धाप लागते. रविवारी एकदम दहा किलोमीटर आणि मग सहा दिवस सोफा, असं करू नका. साखरेचा विषय आहे तर रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं सोसायटीतच चक्कर मारा, त्याला नदी लागत नाही, आणि जेवणानंतरची साखर उसळते ती आवरायला मदत होते.

आईंसाठी: सुरुवात दहा मिनिटांपासून, सपाट जागा, शक्यतो मातीची वाट, मध्ये बसायला बाक असलेली. पायऱ्या आणि तीव्र उतार नकोत. कुरकुरणाऱ्या गुडघ्याला उतरताना जास्त त्रास होतो, लोकांना वाटतं चढताना होतो. चप्पल नाही, मागून बंद असलेले बूट. आणि घरी खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं, आठ-दहा वेळा, मांडीचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. दुसऱ्या दिवशी सूज आली किंवा दुखणं वाढलं तर अंतर निम्मं करा, बंद नका करू. सूज राहिलीच तर दाखवून घ्या.

पुणे_व्हाया_नाशिक:
तुम्ही नशीबवान आहात राव. आमच्याकडे पुण्यात मुठेच्या पात्रातल्या रस्त्याने चालतो मी, खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली आणि आमचा व्यायाम टेरेसवर. एरवीही डाव्या कानाला गाड्या, उजव्या कानाला नदी. दिवाळीला घरी आलो की पहिलं सोमेश्वर.

पाणकावळा:
कोणी नांदूरमध्यमेश्वर म्हटलंच नाही? रोजचं नाही हे मान्य, निफाडच्या पुढे जावं लागतं, पण महिन्यातून एक रविवार काढाच. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे बंधाऱ्यामुळे पाणी पसरलंय, २०२० ला रामसारचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिला. चापडगाव आणि खानगाव थडी या बाजूंनी जाता येतं, निरीक्षण मनोरे आहेत. नोव्हेंबरपासून पुढे बदकं, करकोचे, नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो). दुर्बीण गळ्यात असली की तीन-चार तास पायावर असता आणि कळत नाही. आईंना नक्की आवडेल, जमीन सपाट आहे.

कडू_कारलं:
तीन तास चालून आठ पक्षी बघायचे. बरं.

पाणकावळा:
@कडू_कारलं या एकदा, दुर्बीण मी देतो.

टांगलेली_सायकल:
(तीन आठवड्यांनी) उशीर झाला, सॉरी. रिपोर्ट द्यायला आलोय, रक्ताचा नाही, तो डिसेंबरात.

आनंदवलीलाच जातोय. आठवड्यातून पाच दिवस जमतंय, दोनदा पाऊस आला, एकदा मीच आळस केला. पहिल्या दिवशी आई चारशे पावलांवर बसली आणि म्हणाली तू जा, मी इथेच आहे. परत आलो तर ही समोरच्या वायरवर बसलेल्या खंड्याकडे बघत होती, म्हणाली तू गेल्यापासून त्याने तीनदा सूर मारला, दोनदा हुकला. आता ती रोज मोजते. परवा स्कोर चारला एक होता. त्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत जायला लागलीये कारण खंड्याने जागा बदलली! गुडघा सकाळी जरा आखडतो, सूज नाही, खुर्चीचा व्यायाम टीव्हीसमोर चालू आहे, जाहिराती लागल्या की उठ-बस.

सायकल सर्व्हिसिंगला टाकली, मागचा टायर गेलाच होता, बदलला. सीट दोन बोटं नाही, चांगली चार बोटं वर घ्यावी लागली, म्हणजे इतकी वर्षं (तीन आठवडे खरंतर) लहान मुलासारखी चालवत होतो. सोमेश्वरला तीनदा जाऊन आलो. पहिल्यांदा चढावर उतरून ढकलली, मागून एक आजोबा साध्या बिनगिअरच्या सायकलवर दुधाचे कॅन लावून गेले, वळून बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या वेळी उतरलो नाही. मिसळ एकदाच खाल्ली, एकच पाव, अळणी_मिसळ यांना स्मरून.

काकूंचं ऐकलं नाही त्याची शिक्षापण झाली. पहाटे रामकुंडाकडे गेलो, फोटो काढायला दोन पायऱ्या खाली उतरलो आणि सटकलो. लागलं नाही फार, ढोपर खरचटलं, मोबाईलने मात्र गंगास्नान केलं. तांदळात ठेवला होता, आता स्पीकरमधून सगळे पाण्याखालून बोलल्यासारखे वाटतात.

कडू_कारलं, डासांचं तुमचं खरं निघालं. एकदा संध्याकाळी गेलो, परत नाही जाणार.

कडू_कारलं:
सांगितलं होतं. बाय द वे त्या खंड्याचा बाक नक्की कुठला?

टांगलेली_सायकल:
गणपतीपासून डावीकडे, दुसरा. या रविवारी सव्वासहाला आम्ही असूच. आई विचारतेय, तो बुधवारचा बाजार सकाळी किती वाजता लागतो? तिला चालायचंय असं म्हणतेय, पण मला वाटतं भाजी घ्यायचीये.

पंचवटीची_काकू:
अरे लवकर आलात तर गर्दी नसते, ताज्या मेथीच्या जुड्या तेव्हाच मिळतात. आईंना पुलाकडच्या बाजूने आण, पायऱ्यांकडून नाही. आणि पिशवी तू धर, त्यांच्या हातात देऊ नको.