टेललाइटमध्ये पाणी शिरलंय / वाफ धरलीय : तुमचे अनुभव लिहा

पावसाळ्यात सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधून एक चक्कर मारा, एखाद्या तरी गाडीची मागची लाल काच आतून घामेजलेली दिसतेच. गॅरेजवाल्याला विचारलं तर ‘सिलिकॉन मारून देतो’, सर्व्हिस सेंटरला विचारलं तर ‘नॉर्मल आहे सर’, आणि आमच्या सासुरवाडीत विचारलं तर ‘सेटच बदलून टाका’. म्हणून हा धागा. नेमकं काय दिसत होतं, पाणी कुठून येत होतं, काय केलंत आणि मुख्य म्हणजे पुढचा पावसाळा टिकलं का, ते लिहा. नुसतं ‘केलं आणि झालं’ नको, त्याचा कुणाला उपयोग नाही.

सुरुवात मी करतो. जुनी हॅचबॅक, पुण्यात उघड्यावर उभी असते. उजव्या लाइटमध्ये तळाला चांगलं बोटभर पाणी, ब्रेक मारला की हिंदकळायचं, सिग्नलला एका बाइकवाल्याने हेल्मेटची काच वर करून सांगितलं ‘काका, आता मासे सोडा’. डिकी उघडल्यावर दोन बोल्ट दिसतात, १० नंबरचा पाना लागतो, ते काढून लाइट सरळ मागे खेचायचा, वाकडातिकडा हलवायचा नाही कारण बाजूला प्लास्टिकच्या खुंट्या असतात त्या मोडतात. वायरचं सॉकेट काढलं, होल्डर पिळून बल्ब बाहेर, पाणी ओतून टाकलं, दिवसभर उन्हात भोकं खाली करून ठेवला. मग बल्बच्या भोकांना टेप मारली, एक भोक उघडं ठेवून त्यातून तोंडाने फुंकायला मुलाला बसवलं आणि मी बाहेरून ब्रशने साबणाचं पाणी लावत गेलो. वरच्या कोपऱ्यात, जिथे लाल काच मागच्या काळ्या डब्याला जोडलेली असते, तिथे बारीक बारीक बुडबुडे. तेवढीच जागा साफ करून न्यूट्रल सिलिकॉन भरलं, रात्रभर हात लावला नाही. गेला अख्खा पावसाळा कोरडा.

चाकण_फेज२
धाग्याबद्दल धन्यवाद, हा माझ्या पोटापाण्याचा विषय :) बरीच वर्षं लॅम्प बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होतो, त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे टेललाइट हवाबंद नसतो आणि नसावाही. लाइट लागला की आतली हवा तापते, फुगते, तिला बाहेर जायला वाट लागते. बंद केला की हवा आकसते आणि बाहेरची हवा आत खेचते. त्यासाठी मागच्या बाजूला व्हेंट असतो, कधी खाली वळवलेली रबरी नळी, कधी छोटं टोपण, कधी गोल पांढरा स्टिकर चिकटवलेला असतो तो (तो स्टिकर म्हणजे एक झिरपणारा पडदा आहे, हवा आणि बाष्प जातं पण पाण्याचा थेंब जात नाही). पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट, ती आत जाणार, रात्री काच गार पडली की त्यावर दव धरणार. अगदी पातळ धुकं असेल, काचेच्या एका भागापुरतं, आणि दिवे लावून गाडी थोडी चालवली की जात असेल तर तो बिघाड नाही. थेंब ओघळत असतील, तळाला पाणी साचत असेल, किंवा ऊन पडूनही दोन-तीन दिवस जात नसेल तर मात्र गळती आहे. या दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि लोक दोन्हीवर एकच सिलिकॉन फासतात.

दुसरं, पाणी बहुतेक वेळा गळून नाही, ओढलं जाऊन आत येतं. लाइट गरम आहे, वरून पावसाची सर आली किंवा वॉशिंगवाल्याने गार पाण्याचा फवारा मारला, आतली हवा एकदम आकसली, आणि त्याच क्षणी सीलच्या चिरेवर पाणी उभं असेल तर तेच आत जातं. म्हणून नुसती बादली ओतून गळती सापडत नाही, आधी लाइट थोडा वेळ चालू ठेवून मग पाणी मारा.

एलईडीवाल्यांना हा त्रास जास्त का दिसतो तर जुन्या बल्बमध्ये टेलचे ५ वॅट आणि ब्रेकचे २१ वॅट, त्यातली बहुतेक उष्णताच, त्यामुळे काच आतून वाळायची. एलईडी फार कमी वीज खातो आणि त्याची उष्णता मागच्या बाजूला जाते, काच गारच. लाइट चांगला आहे, फक्त वाळायला वेळ घेतो.

मिऱ्या_बंदर
चाकणकर, मस्त लिहिलंत. आमचं रत्नागिरीचं वेगळंच. नुसतं पाणी असतं तर बरं होतं, इथे खारं वारं. माझ्या गाडीचा ब्रेक दाबला की इंडिकेटरसुद्धा मंद पेटायचा, लोकांना वाटायचं मी वळतोय आणि मागचा शिव्या घालत डाव्या बाजूने निघून जायचा. आमच्या आळीतल्या इलेक्ट्रिशियनने होल्डर काढून दाखवला, पितळी पट्टीवर हिरवा थर, नखाने खरवडला की भुकटी पडत होती. अर्थिंगची वायर आतून सडलेली, म्हणून करंट परत जायला दुसऱ्या बल्बची वाट धरत होता. पाणी कुठून तर होल्डरच्या मागची रबरी रिंग, ती चपटी आणि टणक होऊन गेली होती, हातात घेतली आणि तुटली. त्याने बारीक पॉलिश पेपरने पट्ट्या घासल्या, अर्थिंगची नवीन वायर टाकली, नव्या रिंगा, आणि रिंगेवर बोटाने सिलिकॉन ग्रीस. सगळे मिळून दोनशे रुपये घेतले आणि वर चहा त्यानेच पाजला. दरवर्षी मे महिन्यात होल्डर काढून ग्रीस लावतो, आता त्रास नाही.

घोडबंदरची_राणी
माझा अनुभव गाडीपेक्षा सर्व्हिस सेंटरचा जास्त आहे. नवी गाडी, वॉरंटीत, डाव्या लाइटमध्ये थेंब. पहिल्या खेपेला अ‍ॅडव्हायजर म्हणाला ‘मॅडम, मॅन्युअलमध्येच लिहिलंय, पावसात फॉग येतो’. खरंच लिहिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये असतं, पण तिथे धुकं लिहिलंय, पाणी नाही. मग मी सकाळी, दुपारी उन्हात आणि रात्री असे फोटो काढत गेले, उजवा लाइट कोरडा आणि डावा ओला असे शेजारी शेजारी, एक व्हिडिओ काढला ज्यात थेंब खाली पळताना दिसतोय. दुसऱ्या खेपेला तोंडी बोललेच नाही. जॉब कार्डवर ‘डाव्या टेललॅम्पमध्ये पाण्याचे थेंब, उन्हातही जात नाहीत’ हेच शब्द लिहायला लावले आणि कॉपी घेतली. आठवड्याभरात नवीन लॅम्प बसवून दिला, एक पैसा न घेता. बायांनो, वॉरंटी असेल तर स्वतः सिलिकॉनची ट्यूब घेऊन बसू नका, छेडछाड केली म्हणून हात वर करायला त्यांना कारणच मिळतं.

वाशिष्ठीकाठ
चिपळूण. जुलै २०२१ चा पूर, अजून काही सांगायला हवं का. गाडी छतापर्यंत पाण्यात. इंजिन आणि सीटचं रामायण इथे नको, पण टेललाइटमध्ये आतून चिखलाची रेघ बसली होती आणि तळाला गाळ. नवीन सेट घ्यायला तेव्हा पैसेही नव्हते आणि मालही मिळत नव्हता, म्हणून बल्ब काढून आत स्वच्छ पाणी आणि दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड घालून खळखळून हलवलं, ओतलं, परत हलवलं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. शेवटचं पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड, म्हणजे वाळल्यावर पांढरे डाग राहत नाहीत. एक महत्त्वाचं, आतला चकचकीत भाग असतो ना त्याला कापड, ब्रश, इअरबड काही लावायचं नाही. तो अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, घासला की निघतो आणि खालचं प्लास्टिक उघडं पडतं. माझ्या भावाने दुसरा लाइट काडीला बोळा बांधून ‘नीट’ साफ केला, तो आता अर्धा काळा आहे. नुसतं खळबळून धुतलेला माझा अजून चालतोय.

जुना_मेकॅनिक
एवढं सगळं कशाला. खालच्या कोपऱ्यात ३ एमएमच्या ड्रिलने भोक पाडा, पाणी आलं तसं जाईल. ट्रकवाले वर्षानुवर्षं हेच करतात.

चाकण_फेज२
@जुना_मेकॅनिक, ट्रकच्या लाइटचं गणित वेगळं आहे मालक, तो साधा डबा आणि स्क्रूने लावलेली काच, उघडून पुसता येते. कारच्या लाइटची काच बहुतेक वेळा डब्याला वितळवून जोडलेली असते, एकदा आत धूळ गेली की बाहेर निघत नाही. भोकातून पाणी जातं तसं चाकाने उडवलेलं पाणी आतही येतं. आणि एलईडीची प्लेट नेमकी तिथे असली तर ड्रिल सरळ तिच्यातून.

जुना_मेकॅनिक
असेल. माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या चालू आहेत.

फोंडेकर
भोकावरून आठवलं. गोव्यातून लिहितोय. आमच्या गाडीत डाव्या बाजूला कायम वाफ, उजवी स्वच्छ. सील बघितलं, रिंगा बघितल्या, सगळं ठणठणीत. शेवटी लाइट पूर्ण बाहेर काढून पालथा केला तर व्हेंटच्या नळीच्या तोंडाला लाल मातीचा गोळा, एकदम गुळगुळीत. कुंभारमाशीने घर केलं होतं! लग्नसराईत गाडी गावी उभी होती तेव्हा बांधलं असणार. तारेने हळू कोरून काढलं, आत एक वाळकी अळी आणि दोन कोळी. नळी मोकळी झाल्यावर वाफ चार-पाच दिवसांत आपोआप गेली, सिलिकॉन नाही की काही नाही. म्हणून सील करायच्या आधी व्हेंट मोकळा आहे का बघा. आमचा मेकॅनिक त्याच नळीत सिलिकॉन भरायला निघाला होता, ‘इथूनच पाणी येतंय’ म्हणत.

नुसता_वाचक
सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर? बुटांच्या खोक्यात येतात त्या, घरात ढीग आहे.

गंगापूररोड
@नुसता_वाचक, आमच्या चुलतभावाने टाकल्या. दोन दिवस छान. त्याचं काम हवेतलं बाष्प शोषायचं, ते शोषून भरलं की संपलं, आणि लाइट तापला की शोषलेलं परत सोडतं. पुढे पुडी फाटली आणि आता खड्ड्यातून गाडी गेली की मागून खुळखुळा वाजतो, ब्रेक लावला की लाल काचेत मणी पळताना दिसतात. लाइट काढून वाळवताना डब्यात सोबत ठेवा हवं तर, आत सोडू नका.

माझा स्वतःचा किस्सा: डिकीच्या गालिच्याला वास यायला लागला, उचलला तर स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी. सगळे म्हणाले डिकीचं रबर गेलं, तेही बदललं, पाणी येतच राहिलं. मग आतलं अस्तर काढून लाइटच्या मागच्या पत्र्यावर सगळीकडे टॅल्कम पावडर भुरभुरली, मागची सीट पाडून मी टॉर्च घेऊन आत बसलो आणि बायकोला म्हटलं पाइप सोड, आधी खाली, मग हळूहळू वर. लाइटच्या उंचीला पाइप आला आणि पावडरीत एक ओघळ उमटला. लाइट आणि बॉडीच्या मधली फोमची गॅस्केट एका कोपऱ्यात दुमडली होती, आदल्या वर्षी डेंटिंगवाल्याने लाइट काढून लावला होता तेव्हाची. लाइट आतून एकदम कोरडा, पाणी त्याच्या मागून डिकीत. फोम बदलला, वर काळी ब्युटाइल टेप लावली, नाशिकचे दोन पावसाळे झाले, स्टेपनी कोरडी आहे.

टोरांटोत_अडकलेला
इकडे पाण्याचं दुखणं थंडीत. उबदार गराजमधून गाडी उणे पंधरात नेली की आतलं दव तिथेच गोठतं, काचेला आतून बर्फाची नक्षी. बाहेरून साचलेला बर्फही एलईडीच्या गारपणामुळे वितळत नाही, ब्रशने झाडावा लागतो. माझ्याकडे मूळ कारण होल्डरची रिंग निघाली, रत्नागिरीसारखंच, फक्त इथे गंज रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा.

घोडबंदरची_राणी
एक प्रश्न, बाहेरून काचेला लागलेलं जुनं सिलिकॉन काढायला थिनर चालेल का? आईच्या गाडीला कुणीतरी चिकटवून ठेवलंय.

चाकण_फेज२
नको नको. थिनर नको, पेट्रोल नको, नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको. टेललाइटची लाल काच बहुतेक अ‍ॅक्रिलिकची असते, त्यावर असं काही पडलं की केसासारख्या चिरा जातात, कधी लगेच, कधी काही दिवसांनी, आणि मग त्या चिरांतूनच पाणी. कोमट साबणाचं पाणी आणि प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड घेऊन हळूहळू सोला, वेळ लागेल.

नवीन सिलिकॉन घेताना ट्यूबवर न्यूट्रल लिहिलेलं बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्तातलं असतं त्यातून सुकताना अ‍ॅसिड सुटतं, ते होल्डरच्या पट्ट्यांना आणि आतल्या चकाकीला बाधतं. हेअर ड्रायर चालेल, मंद आणि हातभर लांबून. पेंट काढायची हीट गन मात्र घरातल्या उत्साही मंडळींपासून लपवून ठेवा, डबा वाकला की कुठलंच सील बसत नाही.

नुसता_वाचक
आणि कोरडा करून परत बसवताना बोल्ट किती घट्ट? माझ्याकडे पाना आहे, टॉर्क वगैरे काही कळत नाही.

मिऱ्या_बंदर
आधी बोटांनी फिरव, मग पान्याने थोडं, फोम दबला की थांब. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा असं नको, दोन्ही थोडे थोडे आवळत आण. प्लास्टिकच आहे ते, जोर केलास की बोल्टच्या बुडाशी डबा चिरतो. आणि सगळं लावायच्या आधी टेल, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स एकदा पेटवून बघ, नाहीतर परत उघडावं लागेल.