७५ किमी, २४०० मीटर चढ, ८ तासांची मर्यादा: माउंटन बाइक रेसची तयारी कशी करू?

चढणवेडी

नमस्कार मंडळी, साडेतीन महिन्यांनी एका माउंटन बाइक मॅरेथॉनला नाव दिलंय. अंतर ७५ किमी, एकूण चढ २४०० मीटर, वेळ ८ तास. शिवाय ४५ व्या किलोमीटरला चेकपॉइंट आहे, तिथे पावणेपाच तासांत पोचलं नाही तर नंबर काढून घेतात आणि गाडीत बसवतात. रूट नीट बघितला तर २४०० पैकी १५०० मीटर चढ त्या पहिल्या ४५ किमीतच आहे, त्यामुळे खरी भीती तिथलीच वाटतेय.

सध्या आठवड्यातून चार दिवस चालवते, तीन दिवस सकाळी तासभर आणि रविवारी ३-४ तास. नोकरी सांभाळून यापेक्षा फार वेळ निघत नाही. सायकल हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे), २९ इंची चाकं, ट्यूबलेस टायर, पुढे पेडलपाशी ३२ दातांचं चेनरिंग, मागे ११-४६ दातांची गिअरची कॅसेट. माझं वजन ६२ किलो. तीन तासांनंतर काही खावंसंच वाटत नाही, एनर्जी जेल (साखरेचा घट्ट पाक) बघितलं तरी नको होतं, आणि मग शेवटचा तास कसाबसा निघतो. कोच नाहीये, त्यामुळे ज्यांनी असल्या रेस पूर्ण केल्यात त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, मला ही रेस मनापासून पूर्ण करायचीय.

सावकाश_पण_वर

ताई, आधी एक हिशोब करू. माउंटन बाइकवर किलोमीटर फसवतात, चढाचं बघा. तुमच्या सायकल कॉम्प्युटरमध्ये किंवा ॲपमध्ये तासाला किती मीटर उंची चढताय ते दिसतं, रविवारच्या राइडमधला सगळ्यात लांब चढ उघडून तो आकडा काढा. समजा ५०० आला. म्हणजे पहिल्या टप्प्यातले १५०० मीटर चढायलाच ३ तास गेले. तो चढ साधारण २० किमीत पसरलाय असं धरलं तर उरलेल्या २५ किमीला पावणेदोन तास उरतात, म्हणजे ताशी १४ च्या वरचा वेग, आणि त्यातच खडकाळ उतार, पाणी भरायला थांबणं, एखादं पंक्चर सगळं आलं. जमेल, पण हाताशी एक मिनिट शिल्लक नाही. तेच ५५० ने चढलात तर चढाला पावणेतीन तास, पंधरा मिनिटं सुटली. त्या पंधरा मिनिटांसाठी हे साडेतीन महिने आहेत असं समजा. आणि हा ५५० चा आकडा तिसऱ्या तासात, पाय भरून आलेले असताना यायला हवा, सकाळी फ्रेश असताना येतो त्याला फारसा अर्थ नाही.

मधल्या तीन दिवसांपैकी एकच दिवस जोरात करा. पंधरा मिनिटं वॉर्मअप, मग ८ मिनिटं चढ असा की एका दमात दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त बोलता येऊ नये, मग ४ मिनिटं आरामात, असं चार वेळा. तासाभरात बसतं. दुसऱ्या दिवशी अगदी हलकं, इतकं हलकं की आपण वेळ वाया घालवतोय असं वाटलं पाहिजे, बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि मग जोराच्या दिवशी जोरच उरत नाही. तिसरा दिवस उतारांच्या सरावाला ठेवा, त्याबद्दल इथे माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे आहेत.

रविवार हळूहळू वाढवत न्या. तीन आठवडे थोडं थोडं वाढवायचं, चौथ्या आठवड्यात एक तृतीयांश कमी करायचं, असं करत साडेपाच-सहा तासांपर्यंत पोचा. आठ तासांची राइड घरी करायची गरज नाही, त्यातून सावरायला जो वेळ जातो तो परवडत नाही. फक्त रविवारचा मोठा चढ मुद्दाम शेवटी घ्या, तीन तास झाल्यावर. पहिले काही आठवडे फार जड जाईल, तरी सोडू नका.

आणि रेसच्या दिवशी पहिला अर्धा तास स्वतःला आवरा. सगळे सुसाट सुटतात, नाडी वर जाते, पाय हलके वाटतात. त्या अर्ध्या तासात जे उधळलं ते तिसऱ्या चढावर व्याजासकट वसूल होतं.

पाणवठा

खाण्याबद्दल मी लिहितो कारण तुमचं शेवटच्या तासाचं वर्णन वाचून मला तरी हे पायांपेक्षा पोटाचंच वाटतंय.

जोरात चालवताना रक्त स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं, त्यात पाणी कमी पडलं तर घेतलेलं जेल पोटातच बसून राहतं आणि मळमळतं. तीन तास झाल्यावर खावंसं वाटत नाही याचा अर्थ बरेचदा असा असतो की पहिल्या दोन तासांत पुरेसं खाल्लेलंच नाही. म्हणून भूक लागायची वाट बघू नका, सुरुवातीच्या वीस मिनिटांपासून दर २०-२५ मिनिटांनी थोडं थोडं. तासाला ६० ग्रॅम कार्बपासून (साखर-पिष्ट) सुरुवात करा. एका जेलमध्ये साधारण २०-२५ ग्रॅम असतं, मध्यम केळ्यात तेवढंच, बाकीचं बाटलीतल्या ड्रिंकमधून. नुसतं ग्लुकोज शरीर तासाला ६० ग्रॅमच्या आसपासच शोषून घेऊ शकतं, पण फ्रुक्टोजचा रस्ता वेगळा आहे, त्यामुळे दोन्ही मिसळलेलं ड्रिंक किंवा जेल असेल तर ८०-९० पर्यंत जाता येतं. पण पोटालाही सराव लागतो! दर रविवारी तेच खायचं जे रेसला खाणार, आणि प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवायचं. गोडाचा कंटाळा येतो तेव्हा मीठ लावलेला उकडलेला बटाटा बरा लागतो, मी तिसऱ्या तासानंतर तोच ठेवतो.

पाणी तासाला ५०० ते ७५० मिली, ऊन जास्त असेल तर अजून. एका लिटरला पाव चमचा मीठ टाकलं की ५०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम मिळतं. भीतीपोटी नुसतं साधं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते खरोखर धोक्याचं आहे.

अजून एक, कुठे खायचं हे आधी ठरवा. खडकाळ उतारावर हात हँडलवरून काढता येत नाही, तीव्र चढावर श्वासच पुरत नाही. म्हणजे सपाट भाग आणि सौम्य चढ एवढ्याच जागा उरतात. रूट बघून त्या किलोमीटरची यादी करा, कागदाच्या चिकटपट्टीवर लिहा आणि टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवर) चिकटवा, वरून पारदर्शक टेप लावा म्हणजे घामाने पुसणार नाही.

ग्रीसचे_हात

सायकलचं बोलू. ११-४६ ला ३२ चं चेनरिंग या रेससाठी जड आहे. गणित सांगतो, तीव्र चढावर ताशी ५ किमी वेग असेल तर ३२ वर तुमचे पाय मिनिटाला ५२ च्या आसपास फिरणार, ३० लावलं तर ५५-५६, २८ लावलं तर ६० च्या जवळ. आकडे छोटे दिसतात पण चार-पाच तास चढायचं असताना प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर आणि मांडीवर येणारा जोर कमी होतो आणि वर सावकाश यांनी सांगितलेला तिसऱ्या तासाचा आकडा टिकवायला हेच कामी येतं. मी तुमच्या जागी असतो तर ३० आत्ताच लावलं असतं, क्रॅंकवर बसत असेल तर २८ सुद्धा. सपाटीवर टॉप स्पीड थोडा जाईल, जाऊ दे.

हवा किती भरता? ६२ किलोला, ट्यूबलेस २.३ च्या टायरला पुढे १८-२० आणि मागे २१-२३ पीएसआय पासून सुरू करा आणि दर राइडला एक-एक पीएसआय बदलून बघा. जास्त हवेची सायकल वेगवान वाटते पण खडकांवर ती उड्या मारते, पकड जाते आणि सगळे हादरे हातात येतात. रिमवर ठोका बसायला लागला तर एक-दोन पीएसआय वाढवा. प्रत्येक वेळी तोच गेज वापरा कारण दोन गेज एकसारखं दाखवत नाहीत.

टायरमधलं सीलंट (छोटी भोकं बुजवणारा द्रव) वाळतं, रेसच्या दोन-तीन आठवडे आधी उघडून बघा आणि नवीन भरा. सोबत प्लग किट (टायरच्या भोकात घालायच्या रबरी पट्ट्या) आणि एक ट्यूब दोन्ही हवं, साइडवॉल फाटली तर प्लग चालत नाही. चेन किती झिजलीय ते चेन-गेजने मोजा, तो ०.५ दाखवत असेल तर आत्ताच बदला, शेवटच्या आठवड्यात नको, कारण जुन्या कॅसेटवर नवी चेन घसरत असेल तर ते कळायला आणि कॅसेट बदलायला वेळ हवा. सुटा डिरेलर हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा) तुमच्याच फ्रेमचा घ्या, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. सोबत क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि चेन तोडायचं टूल. नुसतं जवळ ठेवून उपयोग नाही, घरी बसून एकदा चेन तोडून जोडून बघा.

ब्रेक पॅड: चिखल असेल तर रेझिनचे पॅड भराभर झिजतात, मेटलचे टिकतात. पण काही रोटरवर (चाकावरच्या ब्रेकच्या चकतीवर) 'फक्त रेझिन' असं छापलेलं असतं, तिथे मेटल लावायचे नाहीत. नवीन पॅड लावले की १५-२० वेळा वेग घेऊन जोरात ब्रेक दाबून वेग कमी करा, चाक लॉक न करता, म्हणजे ते बसतात.

चढणवेडी

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. आकडा काढला, लांब चढावर ४७० आला, आणि तोही राइडच्या सुरुवातीचा. हवा पुढे-मागे ३० भरत होते, आज कमी केली. आता दोन गोष्टी विचारायच्यात. लांब उतारावर पंजे आणि मनगट इतकं दुखतं की शेवटी ब्रेक दाबवत नाही, हे फक्त हवेमुळे असेल का? आणि रूटवर दोन ठिकाणी फार उभे चढ आहेत, तिथे उतरून ढकललं तर वेळ किती जातो, की काहीही करून चालवतच जायचं?

रॉकगार्डन

हवा ३० होती म्हणजे निम्मं उत्तर तिथेच मिळालं. उरलेलं निम्मं ब्रेकच्या लिव्हरमध्ये बघा. लिव्हर हँडलवर आत सरकवा, एवढी की एकच बोट, तर्जनी, लिव्हरच्या टोकाशी बसली पाहिजे. बाकीची तीन बोटं ग्रिपवर. टोकाशी कमी जोरात जास्त ब्रेक लागतो. मग लिव्हर आणि ग्रिपमधलं अंतर कमी करा, बहुतेक लिव्हरला त्यासाठी छोटा स्क्रू असतो, आणि तुमचे हात लहान असतील तर यानेच खूप फरक पडेल.

मग सवय. घाबरून सगळा उतार ब्रेक घासत उतरलं की पंजे जातात, रोटर तापतो आणि वेगही मिळत नाही. वळणाच्या आधी, सरळ भागात, जोरात ब्रेक मारा आणि वळणात सोडून द्या. त्या सोडलेल्या दोन-तीन सेकंदांतच पंज्याला विश्रांती मिळते. टाचा खाली, कोपर बाहेर, वजन पायांवर, हँडलवर ओणवं व्हायचं नाही. नजर चाकासमोर नको, १०-१५ मीटर पुढे. एखादा ३०० मीटरचा उतार निवडा आणि तोच परत परत करा, आणि मुद्दाम चढ चढून दमल्यावर करा कारण रेसमध्ये प्रत्येक उतार दमूनच येणार आहे. घरी आठवड्यातून दोनदा बारला लटकणं आणि प्लँक, दहा मिनिटांचं काम आहे.

ढकलण्याबद्दल: १८ टक्के चढावर ताशी ३ किमीने सायकल ढकलत चाललात तरी तासाला ५४० मीटर उंची चढताय. म्हणजे तुम्ही आत्ता चालवत जेवढं चढता त्यापेक्षा जास्त! अमेरिकेतल्या लेडव्हिलच्या १०० मैलांच्या रेसमध्ये परतीच्या पॉवरलाइन चढावर भरपूर हौशी रायडर उतरून ढकलताना दिसतात, ती रेस सुरूच ३००० मीटरच्या वर होते आणि १२ तासांची मर्यादा असते. तिथे चालतं तर इथेही चालेल. फक्त पडेपर्यंत चालवून मग उतरू नका, ताल तुटायच्या आधी उतरा. डाव्या बाजूने ढकला म्हणजे चेन पायाला लागत नाही, आणि बुटांचा सोल रबरी, पकड असलेला हवा, गुळगुळीत कार्बन सोलचे रेसिंग बूट खडकावर घसरतात. महिन्यातून दोन-तीनदा १०-१५ मिनिटं ढकलायचा सराव करा, पोटऱ्या वेगळ्याच ठिकाणी दुखतात.

सावकाश यांच्याशी एका बाबतीत थोडा मतभेद आहे. सुरुवातीला आवरा हे बरोबर, पण पहिला सिंगल ट्रॅक (एकाच सायकलपुरती अरुंद वाट) कुठे सुरू होतो ते बघा. दोन-तीन किमीवर असेल तर तिथे तोंडाशी रांग लागते आणि एकदा मागे अडकलं की पुढे जाता येत नाही, १० मिनिटं उभ्या उभ्या जातात. अशा वेळी पहिली पाच-सात मिनिटं थोडा जोर लावून मध्यात जागा घ्यायची आणि मग आवरायचं.

सावकाश_पण_वर

@रॉकगार्डन मान्य, सिंगल ट्रॅक जवळ असेल तर तसंच करावं.

ताई, ४७० वरून साडेतीन महिन्यांत दमलेल्या पायांनी ५५० म्हणजे मोठी उडी आहे, खोटी आशा लावत नाही. ५२० धरा. त्याने चेकपॉइंटपर्यंतचा चढ २ तास ५३ मिनिटांत होतो. उरलेली मिनिटं थांबे आणि उतारांतून काढा. पाण्याच्या स्टॉपवर काय करायचं ते आधी ठरलेलं असावं, बाटली भरायची, जेल खिशात, निघायचं, दोन मिनिटं. तिथे १० मिनिटं बसून गप्पा मारणाऱ्यांना पुढे चेकपॉइंटला तीच १० मिनिटं कमी पडतात. त्या चिकटपट्टीवर खाण्याच्या जागांखाली वेळाही लिहा: १५ किमीला किती, ३० ला किती, ४५ ला किती. मागे पडताय की पुढे आहात हे तिथल्या तिथे कळतं, शेवटच्या पाच किलोमीटरला जीव काढायची वेळ येत नाही.

शेवटच्या दोन आठवड्यांत सायकलवरचे तास जवळपास निम्म्यावर आणा, पण जोराचे छोटे तुकडे ठेवा, ४-५ मिनिटांचे दोन-तीन. सगळंच बंद केलं की पाय जड होतात. झोप वाढवा. आदल्या दिवशी अर्धा तास हलकं चालवून त्यात दोन-तीन छोट्या स्प्रिंट मारा, गिअर सगळे पडतायत ना ते त्यातच कळतं. नंबर प्लेट हँडलला लावल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, ब्रेकच्या नळ्या किंवा गिअरची केबल अडकत असेल तर प्लेट थोडी एका बाजूला सरकवून झिप टाय परत बांधा.